उलट्या टोपीचा साडू

सन एकोणीसशे बाहत्तर. माझं वय तेव्हा एक्केचाळीस. तिसरीपर्यंत शाळा शिकलेल्या माझ्या डोक्यानं त्या साली जे ठरवलं ते आज ऐंशी ओलांडली तरी बदललेलं नाही, की माझ्या साडूइतका अडमुठा माणूस नगर जिल्ह्यात झाला नाही आणि व्हायचा नाही. हे मी म्हणतोय म्हणजे त्याला वजन आहे. मिरजगावच्या पुढं आमची वाडी, आणि त्या वाडीत अडमुठेपणात तोवर माझा हात धरणारा कुणी नव्हता. बसलेला बैलसुद्धा शेपटी पिरगाळली की उठतो, मी तसाही उठत नसे. पण साडू आला आणि माझा नंबर खाली गेला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जामखेडच्या एका मास्तरांचा मुलगा, अंगानं काटकुळा, मिशी मात्र भरघोस. मुंबईला एका मोठ्या संस्थेत कंप्युटरवर नोकरीला होता. कंप्युटर हा शब्द आमच्या वाडीत पहिल्यांदा त्याच्याबरोबरच एस.टी.तून उतरला. रजेवर येताना हा कपड्यांची पिशवी विसरेल, पण कागदाचा गठ्ठा विसरायचा नाही. दोन्ही काठांना भोकं पाडलेला, घडीवर घडी घातलेला लांबच लांब कागद. पडवीत बसून तो उलगडला की दुसरं टोक गोठ्यात जायचं, आणि म्हशीनं ते तोंडात धरलं की हा तिच्याशी सुद्धा "सोडा, सोडा" असं अहोजाहो करून बोलायचा.

त्याची सगळ्यात मोठी खोड म्हणजे टोपी. काम सुरू करताना टोपी काढायची आणि शेजारी जमिनीवर उलटी ठेवायची. ती उलटी आहे तोवर त्याला हाक मारायची नाही, उठवायचं नाही, बसल्या जागेवरून हलवायचं नाही. काम झालं की टोपी डोक्यावर, आणि मग तुम्ही त्याला खुशाल आडात ढकला. कागद वाचताना टोपी उलटी हे एक वेळ समजलं, पण हा माणूस सुईत दोरा ओवतानाही ती उलटी ठेवी. कामात काम निघालं तर टोपीवर चष्म्याचं घर, त्यात आणखी निघालं तर वर रुमाल. उतरवतानाही एकेक उतरवायचं, जितके चढवले तितके. रुमाल काढला म्हणजे सुटला असं नाही, खाली टोपी अजून उलटीच. एकदा त्या टोपीत आमची कोंबडी येऊन बसली. ह्याचं काम केव्हाच संपलेलं, पोटात कावळे ओरडतायत, पण टोपी सुलटी केल्याशिवाय उठायचं नाही, आणि कोंबडीला उठवायचं नाही, कारण तिचंही काम चाललेलं. आमची मंडळी म्हणाली, "दाजी, भाकरी निवाय लागली, उठा की." दाजींनी नुसतं बोटानं टोपीकडं दाखवलं. कोंबडीनं सावकाशीनं अंडं घातलं, गावभर ओरडून सांगितलं, मग हा जेवायला आला. मंडळी चुलीपाशी मला म्हणाली, "दाजी येडं न्हाईत म्हना, पर कोंबडी जास्त शानी."

तरी त्याच्या वेडात कायदा होता. टोपी उलटी ठेवायची ती थोडाच वेळ, नाहीतर सगळं घर खोळंबतं. आणि उलट्या टोपीशेजारी झोपायचं तर मुळीच नाही. कागद वाचता वाचता त्याला डुलकी यायला लागली की आधी टोपी डोक्यावर चढे, मग घोरणं सुरू होई. मी एकदा विचारलं, "झोपताना कशापायी घालता?" तर म्हणे, "दादा, उलटी ठेवून झोपलो तर मला कुणी उठवणार नाही, आणि मी आपला आपण उठणार नाही. यंत्रात असं झालं की यंत्र मेलं." त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट यंत्राच्या मरणावर व्हायचा.

एकदा बाभळीखाली बसून मी म्हणालो, "आता सांगाच. ह्या कागदात हाय तरी काय?" त्यानं टोपी सुलटी असल्याची खात्री केली आणि सांगायला लागला. म्हणाला, "आमच्या यंत्राला डोकी दोन. प्रत्येक डोक्याशेजारी त्याची स्वतःची पाटी. कामं मात्र ढीगभर, आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की यंत्र आपलंच आहे. म्हणून आत एक कारभारी बसवलाय, तो कारभारी मी लिहितो. तो एकाला कामाच्या मध्येच उठवतो, दुसऱ्याला बसवतो. उठवलेल्याला मग जे डोकं मोकळं होईल तिथं नेऊन बसवतो."

"मंग बिगाडलं कुठं?"

"एखादं काम विचारतं, मी कोणत्या डोक्यावर आहे? उत्तर येतं, पहिल्या. तेवढ्यात कारभारी त्याला उचलून दुसऱ्यावर ठेवतो. ते बिचारं पहिल्याच पाटीवर लिहायला जातं. तिथं आता भलताच कुणीतरी लिहीत असतो. दोघांच्या लिहिण्याची माती. यंत्र मध्येच कधीतरी वेड्यासारखं करतं, आणि कुठं चुकलंय ते मला सापडत नाही."

"ह्यावर विलाज?"

"आधी सांगायचं, आता मला उठवू नका, हलवू नका. मग काय ते लिहायचं. मग सांगायचं, झालं, आता उठवा."

"आन् येवढं सांगायला तुमाला पगार देत्यात?"

"हो," साडू म्हणाला. कितीही खोचक बोला, ह्याचं उत्तर एका अक्षराचं.

मला ते पटलं नाही. जो तो पाळीनं पाणी भरतो, मध्येच कोण कशाला उठवेल? पण मिरजगावच्या बाजारात मला ते डोळ्यांनी दिसलं. साडू लिंबाखाली न्हाव्यापुढं दाढीला बसला. एक गाल झाला, तेवढ्यात सरपंचांचं बोलावणं आलं. सरपंच म्हटल्यावर न्हावी उठला, वस्तरा चुलतभावाच्या हातात दिला आणि "ह्येवढं पुरं कर" म्हणून पळाला. आता मिशी ठेवायची हे पहिल्याला माहीत, दुसऱ्याला काय? त्याच्या पुढ्यात तासाभरापूर्वी एक सुतकातला बसून गेलेला. त्यानं तोच हात पुढं चालवला आणि साडूची भरघोस मिशी साफ केली. आमच्याकडं मिशी गेली म्हणजे बाप गेला. साडू दारात उभा राहिला तशी आमच्या मंडळीनं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. साडूचे वडील तिकडं जामखेडात बसून सुपारी कातरत असतील, इकडं त्यांचे गुण गाऊन झाले. साडू मधोमध उभा. मी म्हणालो, "अवो, बोला की कायतरी!" तर ओठावरून बोट फिरवत खुशीत म्हणतो, "बघितलंत दादा? पहिल्याची पाटी दुसऱ्याकडं आली नाही."

असा हा माणूस, आणि माझ्या लेकीची, शकूची सोयरीक ह्याच्यावर टांगलेली होती.

त्या साली आमच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला. गावातली धट्टीकट्टी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. माझी एकुलती एक शकू सकाळी हंडा घेऊन निघायची ती उन्हाचीच परतायची, आणि हंडा निम्माच असायचा. अशात देवळाली प्रवऱ्याचं स्थळ आलं. तिकडं पाटाचं पाणी, उभा ऊस. पोरगी पाण्यात द्यायची, एवढं एकच माझ्या डोक्यात. मुलाचे वडील घर बघायला येणार होते, आणि त्यांच्या हातात दुसरंही एक स्थळ होतं. माझ्या घरी दाखवण्यासारखं काय? कोरडी विहीर आणि कंप्युटरचा साडू. म्हणून मी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं, नवी कडक इस्तरीची टोपी आणून दिली आणि बजावलं, "पाव्हणं उतरलं की तुमी पुढं व्हायचं. राम राम घालायचा, गळाभेट घ्यायची. मंग दोन शबूद विंग्रजी. कळलं का?"

"हो," साडू म्हणाला.

पाहुणे दुपारून येणार होते. विहिरीत आदल्या दिवशी दारू ठासून सुरुंग भरून ठेवलेले, आणि पेटवणारा गडी तापानं फणफणलेला. भरलेले सुरुंग तसेच ठेवून पाहुण्यांना मळ्यात फिरवायचं कसं? मी म्हणालो, वात पेटवायला काय शाळा लागते? मी उतरतो. धाकट्या भावाला सडकेवर पाहुण्यांची वाट बघायला बसवलं. राहिला साडू. विहिरीच्या काठावर हातयारी होती. दोन खांब, मध्ये दोर गुंडाळायचा ओंडका, त्याला लोखंडी हँडल, आणि ते उलटं फिरू नये म्हणून अडकवायला एक खुट्टी. साडूनं हँडल धरलं, नवी टोपी काढली आणि मातीत उलटी ठेवली. मला वाटलं, मळली टोपी. पण मी दोराच्या फासात बसलो होतो, बोलून काय करणार?

खाली उतरलो. कातळ तापलेला, अंगाला घाम. बिडी पेटवली, दोन दम मारले आणि तिच्या निखाऱ्यानं पहिली वात धरली. फुर्र झालं. दुसरी धरली. तिसरी जरा अडली, मग तीही धरली. पेटल्यावर एक बिडी ओढून होते तेवढाच वेळ हातात. मी फासात बसून दोराला हिसका देणार, तोच वरून धाकट्यानं साडूला मारलेली हाक आली. विहिरीत वरचा आवाज असा पडतो की कानात कुणी बोलतंय.

"सायेब! पाव्हणं आलं! जीपगाडीनं आलं, सकाळच्यालाच! उठा, सोडा ते, म्या धरतो!"

वर काही हाललं नाही.

"अवो सायेब, इकडंच यायलेत! टोपी घाला आधी! उघड्या डोक्यानं काय बसलाय?"

माझ्या पायाखाली तिन्ही वाती सरसरत होत्या. आणि मला काय सुचावं? मीच खालून ओरडलो, "साडू! हँडल धाकट्याकडं द्या! तुमी राम राम घाला!"

मी दोराला हिसका दिला. दोर ताणला, मी उचलला गेलो. एक एक हात वर चढतोय, खालून जळक्या दारूचा वास नाकात येतोय. अर्ध्यावर आलो आणि दोर थांबला. मी तसाच अधांतरी, कातळाला पाठ घासत हळूहळू फिरतोय. वर एक नवा आवाज, जाड, सावकाश.

"राम राम पाव्हणं."

मी वर बघितलं. निळ्या आभाळात एक पांढराशुभ्र फेटा आणि जोडलेले दोन हात. समोर साडू उघड्या डोक्यानं, हँडलवर वाकलेला.

"राम राम म्हनलं म्या."

"दादा, सायेब सोडीना हो!" धाकटा रडकुंडीला आला. त्याचा हात हँडलवर पडलेला मला दिसला, आणि साडूनं खांद्यानं त्याला ढकललेलंही दिसलं. धाकटा मागं जाऊन मातीत बसला. फेटा काठावरून दिसेनासा झाला. मग दोर पुन्हा हलला. मी काठाला हात लावला, गुडघा टेकला, पाय जमिनीवर आले, तरी साडू हँडल सोडीना. मी फासातून निघून बाभळीच्या पुढं गेलो तेव्हा त्यानं हात काढला आणि पळत सुटला. आम्ही आडवे पडलो न पडलो तोच जमीन हादरली. एक, दोन आणि तीन. दगडं आभाळात गेली आणि ढेकळासारखी खाली बरसली.

धूळ बसली तसा साडू उठला, टोपी झटकली, डोक्यावर घातली, नीट चालत जीपपाशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "राम राम."

"आता व्हय?" पाहुणे म्हणाले. "आमी वाटंवरची मान्सं न्हाई. ज्या घरात यीवाईपावन्याला उघड्या डोक्यानं बसून दाखवत्यात, तिथं पोरगी बघायची तरी कशाला? चला." आणि जीप आल्या वाटेनं गेली. चुलीवरचं जेवण चुलीवर राहिलं.

मी साडूचा सदरा धरला. "लाज हाय का? येक राम राम घातला आसता, हँडल भावाच्या हातात दिलं आसतं, तर म्या काय मेलो आसतो का?"

"हो," साडू म्हणाला.

त्यानं मूठ उघडली. तळवा सालडं निघून लाल झालेला, आणि त्यावर सदऱ्याच्या खिशातून काढलेली खुट्टी दोन तुकडे होऊन पडलेली. "तुम्ही उतरत असताना तुटली. मग हातानंच धरून ठेवलं." धाकट्याला खरं वाटेना. तो गेला, रिकामा दोर गुंडाळून घेतला आणि हँडल नुसतं एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला बघितलं. ते सुटलं, गरागरा फिरलं, त्याच्या मनगटावर बसलं आणि दोर सरसरत तळाला गेला.

"मंग तोंडानं सांगाया काय झालं हुतं? खुट्टी मोडली म्हनून?" मी म्हणालो. माझा आवाज अजून चढाच होता, तो मी उतरू दिला नाही.

"सांगितलं असतं तर धाकटे मदतीला हात घालणार. दोन हात आले की ह्याला वाटतं त्यानं धरलंय, त्याला वाटतं ह्यानं धरलंय. त्या मधल्या घटकेत कुणीच धरलेलं नसतं, दादा." मग खाली बघून म्हणाला, "शकूचं मात्र मी मोडलं."

घरात मंडळी पदर तोंडाला लावून बसलेली. शकू तेवढी हंडा खाली ठेवून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आबा, तुमी वर आला न्हवं? मंग झालं." मला त्यापुढं जेवण गेलं नाही. संध्याकाळी पडवीत बघतो तर हळद लावून बांधलेल्या हातानं साडू पुन्हा कागद उलगडून बसलेला, टोपी उलटी. मी पहिल्यांदाच ती सुलटी होण्याची वाट बघत बसलो. झाली तेव्हा विचारलं, "घावलं का?"

"हो. एक ओळ खाली-वर झाली होती. मी आधी विचारत होतो, कोणत्या डोक्यावर आहे. आणि मग म्हणत होतो, हलवू नका." तो हसला, पण डोळे ओले होते. यंत्र जगलं होतं, तरी त्याला त्याचं सुख नव्हतं.

माफी मागणं माझ्या हाडात नाही. त्याची मी मागितली नाही, आणि त्यानंही कधी माझ्याकडून काढून घेतली नाही. पुढं कैक वर्षं तो येत राहिला, टोपी तशीच उलटी ठेवत राहिला, आणि आमच्या नातवंडांनी ती सुलटी करून पळायचं हा खेळच केला. परवाच्या हिवाळ्यात तो मुंबईला वारला. मेहुणीला भेटायला गेलो तर देवळालीहून शकू आधीच आलेली, तिच्या सुनेला आणि नातवाला घेऊन. मेहुणीनं भिंतीकडं बोट केलं. खुंटीला टोपी होती, सुलटी. म्हणाली, "सांजच्याला सोताच उठून अडकावली." अडमुठेपणात पुन्हा माझा पहिला नंबर आला होता, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

पण ते सगळं पुढचं. त्या बाहत्तर सालात, जीप निघून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.नं निघालो, नगरला गाडी बदलली आणि ऊन चढायच्या आत देवळालीत पाहुण्यांच्या दारात उभा राहिलो. ते ओट्यावर बसलेले, अर्ध्या गालाला साबण, न्हाव्याचा वस्तरा मिशीच्या काठाशी. मला बघून त्यांचा चेहरा आंबला, पण दारी आलेल्या माणसासाठी उठायचं ही रीत, म्हणून उठायला लागले. मी म्हणालो, "बसा. आधी न्हाव्याला पुरं करू द्या." आणि डोक्यावरचा फेटा तसाच गोल उतरवला. न्हाव्याचा हात थबकला. पोरीच्या बापानं फेटा उतरवला की तो कुठं जातो हे साऱ्या मुलखाला माहीत. मी तो त्यांच्या पायावर ठेवला नाही. माझ्या शेजारी पायरीवर उलटा ठेवला, त्यात मोडक्या खुट्टीचे दोन तुकडे टाकले, आणि दाढी पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द न काढता बसून राहिलो.